कवड्याची बाज

१६ जून ९६, रविवार. सांगली

कुपवाडला एका कारखान्याच्या शेडमध्ये भाषण. शे-दीडशे लोक, निम्मे पाळी उरकून तसेच बसलेले. विषय नेहमीचा, 'प्राणी आणि आपली भीती'. कॉलेजात इतिहास शिकवतो, पण रविवारी लोकांना माझ्याकडून इतिहास नको असतो, घुबड हवं असतं. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत म्हणून ते मान फिरवतं, एवढं सांगितलं की सभा हातात येते. "ज्याला स्वतःची नजर वळवता येत नाही, तो तुमच्यावर वाईट नजर काय टाकणार!" हशा. वटवाघूळ आंधळं नसतं. पालीची तुटलेली शेपूट वळवळत राहते ती शत्रूला गुंतवून ठेवायला, तोवर पाल पसार. साप पुंगीवर डोलत नाही, गारुड्याच्या हलत्या हाताकडं बघून डोलतो. "सूर ऐकून डोलतो तो माणूस!" टाळ्या.

शेवटचं वाक्य ठरलेलं. भीती म्हणजे अज्ञान. पंधरा वर्षं तेच वाक्य, आणि पंधरा वर्षं त्यावर टाळ्या.

घरी आलो तर सु.नं कार्ड पुढं केलं. "तुमच्या लेकीचं." शकुंतलाचं. चार ओळी, दहावी झालेल्या मुलीचं नीट अक्षर:

"मृग लागला. मी बाजेशिवाय नांदते आहे. भुईवर झोपते. तुमच्या भाषणानंतर आणखी सात-आठ जणी भुईवर आल्या. सासूबाई बोलत नाहीत. मला भीती वाटत नाही. तुम्ही म्हणालात ते मनात म्हणते आणि डोळे मिटते."

दोनदा वाचलं. मग सु.ला वाचून दाखवलं. एवढ्यासाठीच तर घसा फोडायचा.

एप्रिलमध्ये लोणंदला तिचा बाप भेटला होता. बाजारात कांद्याची पोती उचलतो. सभा संपल्यावर पाय धरायला लागला. पोरगी विट्यापलीकडच्या एका वाडीवर दिलेली, जावई कोइमतूरला गलाईच्या, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात. सासूनं पोरीला माघारी धाडलं. का, तर बापानं बाज दिली नाही. त्या वाडीची रीत अशी की मृगापासून दसऱ्यापर्यंत कुणी भुईवर निजायचं नाही. कवड्या नावाचा साप येतो आणि निजलेल्याचा श्वास पिऊन जातो! म्हणून घरटी बाजा, आणि नव्या सुनेची बाज तिच्या माहेरून. तिला नावच 'कवड्याची बाज'. अंधश्रद्धेच्या पोटी हुंडा जन्माला आलेला इतका उघडा मी कधी पाहिला नव्हता.

मे महिन्यात गेलो आणि देवळापुढं तासभर असा बोललो की शेवटी अख्ख्या वाडीनं हात वर करून शपथ घेतली. शकुंतला आठवड्यात परत नांदायला.


१९ जून, बुधवार

विट्याच्या फोटोवाल्यानं वाडीच्या भाषणाचे फोटो धाडले. एक झकास आलाय. मी ओट्यावर, उजव्या मनगटाशी साप. सु. म्हणाली, "चौकट करून घेऊ का? पण बैठकीत नको. मला रोज बघवायचं नाही."

त्या दिवशी भर सभेत शकुंतलाची सासू उठली होती. अंजाक्का. "सर, हसू नगा. कवड्या श्वास पितोय." मी म्हणालो, "आजी, श्वास म्हणजे काय चहा आहे? बशीत ओतून पितो का?" सगळी वाडी हसली. म्हातारी खाली बसली. तेवढ्यात कुणीतरी बांधातल्या दगडांतून सापच धरून आणला, रॉकेलच्या डब्यात. "घ्या, ह्योच कवड्या." माझ्या पुस्तकात कवड्या साफ बिनविषारी. हात घातला आणि उचलला. चावणं दूरच, त्यानं अंगाचा गोळा केला आणि डोकं खाली दडवलं. "बघा, नव्या नवरीसारखं लाजतंय!" टाळ्या थांबेनात.

फोटो खिडकीत नेऊन बघितला. चौकटीचाच विचार होता.

पट्टे डोक्याजवळ नाहीत. मान काळीभोर, आणि बऱ्याच खाली गेल्यावर पांढऱ्या बारीक रेघा. जोडीजोडीनं.

फोटोत उजेड कमी असेल.


२० जून, गुरुवार

पुस्तक काढलं. कवड्या: पट्टे मानेपासूनच सुरू, शेपटीकडं पुसट. मण्यार: पट्टे डोक्यापासून अंतरावर सुरू, शेपटीकडं ठळक. एवढाच फरक. ही दोन्ही चित्रं मी शंभरदा तरी पाहिली असतील. मे महिन्यापर्यंत दोन्ही साप जिवंत कधीच पाहिलेले नव्हते. 

वाडीत मी मण्यारीचं नाव घेतलं होतं. चार विषारी सांगताना, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मागून एकजण ओरडला, "मण्यार? बांगड्या भराय येतोय त्यो?" सगळे हसले. मीही. तिथंच विचारायला हवं होतं की बाबांनो, तुमच्याकडं त्याला म्हणतात काय. कधी कुणाला काही विचारलंय मी ओट्यावरून?

दिवसभर उजवा हात धूत होतो. महिना उलटून गेला, काय धुणार.

सु. विचारते, काय झालं. काही नाही म्हणालो. रात्री गादी उचलून खाली बघितलं, तेव्हा परत विचारलं तिनं.


२२ जून, शनिवार. सातारा

पहाटेच्या गाडीनं दत्तूकडं. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, सातवी शिकलेला, वीस वर्षं लोकांच्या घरातनं साप धरून डोंगरात सोडतो. माझ्या भाषणांना यायचा, मागच्या रांगेत बसायचा. मी त्याला कधी ओट्यावर बोलावलं नाही.

ग्रीसचे हात पुसून फोटो घेतला. बघितला. मग माझ्या हाताकडं बघितलं.

"ह्ये तुमी धरलंवतं?"

"हो."

"उघड्या हातानं?"

"कवड्या म्हणाले ते."

"सर, आधी च्या घ्या."

चहा आला. मग म्हणाला, मण्यार. शंकाच नाही. कण्यावरचे मोठे सहाकोनी खवले बोटानं दाखवले, ते फक्त हिलाच. मी विचारलं, मग चावली कशी नाही? "दिवसा व्हती न्हवं? दिवसा हिला हातात घ्या, गोळा हुती, डोकं खाली घालती. लय गरीब. अंधार पडला की ती ही नव्हंच."

नवल आहे. माझ्या भाषणात घालण्यासारखं नवल.

मग बाकीचं. उंदरामागं घरात शिरते, दुसरे सापही गिळते. अंथरुणात येते. दात एवढे बारीक की चावलं तरी जाग येत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटून माणूस कूस बदलतो. सूज नाही, रक्त नाही, खूण सापडत नाही. सकाळी पोटात दुखतं, घसा दुखतो. मग पापण्या खाली येतात. मग बोलता येत नाही. शुद्ध असते, सगळं ऐकू येत असतं. शेवटी श्वास घ्यायचं बळ जातं.

श्वास जातो. मी म्हणालो, "श्वास पितो."

दत्तू म्हणाला, "व्हय, जुनी माणसं काय तरी म्हणत्यात खरी तसं."

त्या म्हातारीला मी बशी दाखवली होती!

उपाय काय? "बाज. नि मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचून. भुईवर निजायचं न्हाई, बास. आन् वेळेत दवाखाना. लस हाय तिच्यावर, माणूस वाचतंय."

बाज.

निघताना त्याला शपथ सांगितली. माझं वाक्य जसंच्या तसं. "बाजा सोडा, भुईवर निजा, भुई तुमची आई आहे!" दत्तूनं फोटो माझ्या हातात परत दिला. "सर," एवढंच म्हणाला. "आजची गाडी हाय का बघा."

कराडपर्यंत मिळाली. स्टँडवर बसून लिहितोय. आज रात्रीपर्यंत तिथं पोचत नाही. आज रात्रीही ती भुईवर.


२३ जून, रविवार. वाडी

अकराला पोचलो. शकुंतला दिसली. दारात शेण लावत होती. धडधाकट. हसली. "सर! कळवायचं न्हाई का!" पाणी आणायला आत पळाली. 

ती पाण्याला आडावर गेल्यावर अंजाक्काला विचारलं. फोटो दाखवला. "हाच ना कवड्या?"

"तुमीच तर हातात धरलायसा."

"अक्का, हा विषारी आहे."

म्हातारी माझ्याकडं असं बघायला लागली, जसं काही मी तिला सूर्य उगवतो म्हणून सांगितलं.

मग म्हणाली, "बसा."

तिच्या तरुणपणी धाकटी जाऊ होती, सोना. लग्नाला चार महिने झालेले, माहेर गरीब, बाज आली नव्हती. दोघी एकाच वाकळेवर निजायच्या. "सकाळी पोटात दुखतंय म्हणाय लागली. मला वाटलं, शेतात भांगलायचा कटाळा आलाय. म्हणलं ऊठ, सोंगं नगं. उठली. भाकऱ्या थापायला बसली. डोळं मिटाया लागलं तिचं. म्या म्हणलं, रातभर काय करत व्हतीस गं, झोप येतीया व्हय? माझ्याकडं बघायला तिनं बोटानं पापणी वर धरली, सर. बोटानं. तवा मी भ्याले. दुपारच्याला संपली. अंगावर खूण न्हाई, काय न्हाई. मग काय म्हणायचं? श्वास पिला म्हणलं."

काय म्हणणार होते ते लोक? जे डोळ्यांनी पाहिलं तेच म्हणाले.

विचारलं, मग शकुंतलाला हाकलून का दिलंत?

"कुणी हाकलली? म्होरं मृग व्हता, बाज न्हाई. म्हणलं जा म्हायेरी, दसऱ्याला ये. जिती ये. तिच्या बापानं गाजावाजा केला. तुमी इचारलंसा कुठं मला?"

तरी माझ्यातला वकील गप्प बसेना. म्हणालो, बाज सुनेच्याच बापानं का द्यायची? तुम्ही का नाही केली?

"सासरच्या बाजंवर सून निजंल? मामंजींच्या म्होरं? गावात तोंड दावंल ती? म्हायेरची असली की कुणी काय बोलत न्हाई. तिच्या बापाची हाय, निजंल न्हाईतर नाचंल. म्हून म्हायेरची."

 सुनेनं वडीलधाऱ्यांसमोर बाजेवर बसायचं नाही, ही रीत मला माहीत होती. माझ्या आईनं उभा जन्म पाळली. त्या रीतीतून कुणीतरी शहाण्या बाईनं कधीकाळी एक फट काढली, पोरी जगाव्यात म्हणून. पुढं त्या फटीचाच हुंडा झाला, गरीब बापाच्या गळ्याला फास झाला, हेही खरंच. ते मी खोटं बोललो नव्हतो. पण मला फक्त फास दिसला.

शकुंतलाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "सर, सासूबाईंनी तुमाला फिरिवलं."


२४ जून, सोमवार. वाडी

काल रात्री वाडीच्या शाळेतल्या मास्तरांच्या घरी. बाजेवर निजलो, मी! झोप नाही. पलीकडं चौथ्या घरात ती भुईवर. पहाटे तिच्या दारातून धूर निघालेला दिसला तेव्हा श्वास सोडला. चूल पेटवते आहे म्हणजे हात चालतायत.

सकाळी देवळापुढं माणसं गोळा केली. तोच ओटा. पंधरा वर्षांत पहिल्यांदा पाणी मागितलं आधी. म्हणालो, मी चुकलो. तुमच्या कवड्याला पुस्तकात मण्यार म्हणतात. पुस्तकातला कवड्या वेगळा. नावाचा घोटाळा झाला. भुईवर निजू नका.

 मग पारावरून एकजण, "सर, मागल्या टायमाला म्हणलासा भुई आई हाय. आता आई चावती व्हय?"

वाडी हसली. अगदी तशीच हसली, जशी अंजाक्काला हसली होती. ते हसणं मीच शिकवलेलं.

दुसरा म्हणाला, "हातात धरून दावलासा की. म्या सोता बघितलं. गोगलगाईवाणी व्हता." मी दिवस-रात्रीचा फरक सांगितला. "म्हंजी ह्यो रातपाळीवर असतोय म्हणा!" पुन्हा हशा. कुणी म्हणालं, बाजवाल्या सुतारानं सरांना गाठलेलं दिसतंय.

चिडलो नाही. चिडायला भीती कमी असावी लागते. तेच पुन्हा सांगितलं. पोटात दुखलं, पापणी जड झाली, की थांबू नका, मांत्रिक नको, गाडी करा, दवाखाना. तीनदा सांगितलं.  म्हातारी माणसं तेवढी हसत नव्हती. त्यांनी मान हलवली. दोन-तीन घरांत बाजा परत मांडू म्हणाले.

शकुंतला मागं उभी होती. संपल्यावर जवळ गेलो. म्हणाली, "सर, तुमी भ्यायलासा. भ्यालेल्या माणसाचं ऐकायचं न्हाई, तुमीच म्हणला व्हता."

म्हणालो होतो. खणखणीत आवाजात म्हणालो होतो.


२६ जून, बुधवार. सांगली

सु.ला सगळं सांगितलं. भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे बाज हवी, ती माहेरची हवी, आणि तिच्या बापाला परवडायची नाही."

"आणि ती घेणारही नाही. हुंडा म्हणेल."

"आतल्या खोलीतली न्या."

आतल्या खोलीतली शिसवी खाट. सु. तिच्यावर निजते, कंबर धरते म्हणून. मी बघतच राहिलो.

"माझ्या माहेरची आहे ती," सु. म्हणाली. "बावीस वर्षं घरात आहे. तुमच्या एकाही भाषणात आली नाही."

मी आत जाऊन खाटेचे पाय सुटतात का ते बघितलं. सु. मागून आली.

"मी तिची आई होते. म्हणजे झालं ना माहेर?"


३० जून, रविवार

पाय सुटे करून खाट एसटीच्या टपावर चढवली. कंडक्टर म्हणाला, "सर, लेकीच्या सासरी व्हय?" हो म्हणालो. विट्याला उतरवून पुढं बैलगाडीनं. सु.नं दिलेली मच्छरदाणी पिशवीत. वाटभर पाऊस.

शकुंतला बघून दारातच थांबली. मी समजावलं. दत्तूनं सांगितलेलं सगळं, सोनाचं सगळं. पाठ केलेलं नव्हतं, अडखळत बोललो. ती ऐकत होती. डोळ्यांत पाणी होतं, माझ्यासाठी असावं.

मग तिनं सुरुवात केली. हळू आवाजात, माझ्याच ठेक्यात. "'ज्या पोरीच्या बापाला चार पायांची बाज मागता, त्या पोरीला दोन पायांवर उभं राहता येतं, हे विसरू नका. आज बाज घ्याल, उद्या कपाट, परवा तिचा जीव.' हे तुमचं हाय, सर. मी वहीत उतरून घेतलंय. मी हिच्यावर निजले, तर त्या सात जणींचं काय? त्यांचे बाप कुठून आणतील? त्यांच्या सासवा उद्या म्हणतील, शकुंतलाचीबी आली शेवटी."

बरोबर होतं. अक्षर न् अक्षर बरोबर. वाक्याला टाळीची जागा होती ती सुद्धा तिनं तशीच सोडली, आणि तिथं कुणी टाळी वाजवली नाही.

म्हणालो, "बाळ, मी ते बोललो तेव्हा मला हा साप माहीत नव्हता."

"मग माझं ऐकून तरी बाकीच्या सात जणींना बाजा द्या. आठवी मी."

कुठून देऊ? पण देतो म्हणालो. गाव मिळून सुताराकडून करून घेऊ, कुणाच्या बापाची नाही, गावाची बाज. हे बोलता बोलता सुचलं. हेच मे महिन्यात सुचलं असतं तर. ती म्हणाली, "करा. झाल्या की निजते." लोक म्हणाले, बघू, पेरण्या उरकू द्यात. मास्तरांनी यादी केली.

तोवर?

खाट भिंतीला उभी करून ठेवली. अंजाक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हितंच." मी म्हणालो, अक्का, तुम्ही तरी सांगा तिला. म्हातारी म्हणाली, "माझं कोण ऐकतंय, सर? तुमी हसिवलंसा तवापासनं माझं घरातबी कोण ऐकत न्हाई." राग नव्हता आवाजात. मग म्हणाली, "कंदील बारीक करून ठिवते. मला म्हातारीला झोप कुठं येतीया. पापणी बघत ऱ्हाते तिची."

निघताना विचारलं, सांगलीला येताय का एकदा, सु.नं बोलावलंय. "म्या विट्याच्या पल्याड जल्मात गेले न्हाई. कशाला जाऊ?"


४ जुलै, गुरुवार. सांगली

चार दिवस कार्ड नाही. रविवारी निघताना म्हणालो होतो, रोज एक टाक. पत्ता घातलेली दहा कार्डं देऊन आलो होतो. नुसतं 'ठीक' लिही म्हणालो.

मास्तरांचं आलं. बाजा दोन झाल्या, सुतार लोणंदच्या बाजारला गेलाय, आला की पुढच्या. "सौ. शकुंतला ठीक आहे" असं सोमवारच्या तारखेचं. सोमवारचं मला गुरुवारी कळतं. मधल्या तीन रात्रींचं काय?

पोस्टमन कोपऱ्यावर दिसला की फाटकापर्यंत जातो. काल पोट दुखलं, तर आरशापुढं जाऊन पापण्या बघितल्या. सु.नं पाहिलं. हसली नाही. गादी खाली टाकून निजते ती आता. मी म्हणालो, वर ये. म्हणाली, "इथं सिमेंट आहे. झोपा."

रविवारचं भाषण रद्द केलं. काय सांगणार? घुबडाची मान?


९ जुलै, मंगळवार. कॉलेज

तिसरा तास सुटला. शिपाई सांगत आला, "सर, खाली तुमाला कुणी भेटायला आलंय. म्हातारी हाय. नाव सांगंना. सरांनाच सांगती म्हणतीया."

खिडकीतून बघितलं. अंजाक्का.

पायऱ्यांवर बसली आहे, एकटी. जी विट्याच्या पलीकडं कधी गेली नाही, ती सांगलीत. मांडीवर गाठोडं. पदर डोक्यावर, तोंड दिसत नाही.

वाईट असतं तर बाप्ये आले असते. बाया एकट्या येत नाहीत असल्या निरोपाला. का सरकारी दवाखान्यात आणलंय, आणि बाप्ये तिथं आहेत, आणि ही विचारत विचारत इथं? का बाजा झाल्या सगळ्या, सु.ला काही द्यायला आली? गाठोडं चौकोनी आहे. शकुंतलाची ती वही असेल का? वही कशाला आणेल ती?

शिपायाला विचारलं, रडत होती का? म्हणाला, "न्हाई. पाणी मागितलं, प्याली."

स्टाफरूममध्ये बसून हे लिहितोय. पेन चालतंय तोवर खाली जावं लागत नाही. पंधरा वर्षं लोकांना सांगितलं, भीती म्हणजे अज्ञान. आज मला काहीच माहीत नाही, आणि ते कळायचीच भीती वाटते आहे.

वर बघितलं तिनं. खिडकी सापडली असावी. हात डोळ्यांवर आडवा धरून बघते आहे. उन्हामुळं. ऊन आहे बाहेर.

चौथ्या तासाची घंटा झाली. उतरतो. या वेळी आधी तिलाच बोलू देईन.